घरच्या आघाडीवरचे एकटेपण

साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा गावांविषयी बोलताना आपला ऊर अभिमानाने भरून येतो. घरटी एक माणूस फौजेत, असे आपण कौतुकाने सांगतो. मात्र तो माणूस गेल्यावर मागे उरलेल्या घराचे काय होते, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो.

फौजेतल्या बदलीचे दोन ठळक प्रकार, ‘पीस’ आणि ‘फील्ड’. पीसच्या ठिकाणी क्वार्टर मिळाले तर कुटुंब बरोबर राहू शकते. फील्डवर, म्हणजे सियाचीन, लडाख किंवा काश्मीरच्या ताबारेषेवर, ते शक्यच नसते. वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा नियमात आहे. पण ती केव्हा मिळणार, हे सीमेवरची परिस्थिती ठरवते. एरवी थकलेले सासू-सासरे, मुलांच्या शाळा, बँकेची कामे आणि बांधावरची भांडणे हे सारे एका बाईला निभवावे लागते.

कष्टांची या बायकांना सवय असते. खरा भार असतो तो न बोलण्याचा. माझ्या परिचयातल्या एका जवानाच्या पत्नीने सासऱ्यांच्या ऑपरेशनची बातमी तीन आठवडे नवऱ्याला कळू दिली नाही. ‘तिकडं त्यांचं चित्त थाऱ्यावर राहायला हवं,’ एवढेच तिचे म्हणणे. तोही आपल्या चौकीवर काय चालले आहे ते तिला सांगत नव्हता. दोघेही एकमेकांना ‘सगळं ठीक आहे’ असे सांगत होते आणि दोघांनाही ते खरे वाटत नव्हते!

पूर्वी ‘५६ एपीओ’च्या पत्त्यावर गेलेल्या पत्राच्या उत्तराची वाट पाहण्यात दिवस जात. आता मोबाईल आला, पण काळजी कमी झाली नाही. रोज येणारा फोन एका संध्याकाळी आला नाही, की घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले, तेव्हा रजेवर आलेल्या जवानांना तातडीने परत बोलावण्यात आले. त्या रात्री आपण दूरचित्रवाणीवरची युद्धवार्ता चवीने पाहत होतो. तीच वार्ता जवानाच्या घरात कशी ऐकली जात असेल, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला?

‘आमच्या आजीने नाही का दिवस काढले?’ असे कुणी म्हणेल. काढले, यात शंका नाही. पण न लागणारी झोप, छातीतली धडधड, सततची डोकेदुखी आणि मुलांवर निघणारा राग हे सारे तिने अंगावर काढले, आणि आपण त्याला सोशिकपणा म्हटले. माझ्या मते आपले कौतुकच इथे आड येते. ‘तू वाघीण आहेस’ असे ज्या बाईला सारे गाव सांगते, तिने ‘मला भीती वाटते’ हे म्हणावे तरी कुणापाशी?

सोयी अगदीच नाहीत असे नाही. लष्करातील पत्नींची ‘आवा’ ही कल्याण संघटना १९६६ पासून काम करते. पण छावणीपासून दूर, गावी राहणाऱ्या सुनेपर्यंत तिचा हात पोहोचणे अवघड. सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा २०२२ मध्ये सुरू झाली; तिचा क्रमांक १४४१६. सैन्यदले आणि त्यांच्या कुटुंबांसाठी या सेवेचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू करण्यात आला. पण हा क्रमांक किती घरांत ठाऊक आहे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. जवान फील्डवर गेला, की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने त्याच्या घरी स्वतःहून संपर्क साधावा. वाईट बातमी येण्याची वाट पाहू नये. गावातल्या आशाताईंना आणि शिक्षकांना अशी घरे ठाऊक असावीत, म्हणजे वर्गात अचानक गप्प झालेले मूल वेळीच ध्यानात येईल. यात लष्कराचेही हित आहे. जवानांच्या मानसिक ताणामागे घरगुती अडचणी हे एक कारण असल्याचे सरकारने संसदेतही सांगितले आहे. घर सावरले, तर चौकीवरचा माणूसही सावरतो.

आपण शेजाऱ्यांनी काय करावे? १५ ऑगस्टला सत्कार जरूर करावा. पण एरवीच्या एखाद्या दुपारी तिच्याकडे जावे, रेशनच्या किंवा बँकेच्या रांगेतले एखादे काम आपल्याकडे घ्यावे, आणि ‘त्यांचा फोन आला का?’ हे विचारण्याआधी ‘तू कशी आहेस?’ असे विचारावे. ती रडली, तर तिला धीराचे चार शब्द ऐकवण्याची घाई करू नये. तिला बोलू द्यावे.