परदेश सहलीचा प्रकल्प हवा, परदेश सहलीचं दुकान नको

सोलापूरकर पालकहो, जरा लांबलचक लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्याच पोरांचा आहे.

मागच्या महिन्यात एका रविवारी रात्री पूर्व भागातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. पुढं सात-आठ पालक उभे. सगळ्यांच्या मोबाईलवर सिंगापूर नाहीतर दुबई. "हा उंच बिल्डिंगचा कलर काढा, बाकीचे साधे चालतील." चौकशी केली तेव्हा कळलं, नववीच्या पोरांना प्रकल्प आलाय : कमी खर्चात परदेशातल्या एका शहराच्या सहलीचं नियोजन करा. सोमवारी द्यायचा. पोरं घरी जेवून झोपलेली आणि प्रकल्प आई-बाप करतायत!

आधीच सांगतो, हा प्रकल्प वाईट नाही. उलट फार चांगला आहे. त्यात भूगोल आहे, गणित आहे, नागरिकशास्त्र आहे. माझं भांडण प्रकल्पाशी नाही, त्याचं जे केलं जातं त्याच्याशी आहे.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई काम करतात. त्यांच्या मुलीनं हा प्रकल्प स्वतः केला. शहर निवडलं काठमांडू. का? "तिथं व्हिसा लागत नाही ना काका." चार पानं हातानं लिहिली, पट्टीनं तक्ता आखला. सोलापूर ते पुणे, पुण्याहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सोनौली, पायी सीमा ओलांडायची, पुढं परत बस. पहिल्या दोन दिवसांच्या जेवणाच्या रकान्यात लिहिलं होतं : कडक भाकरी, शेंगा चटणी, खर्च घरचाच. मी वाचून थक्क झालो. पोरीला दहापैकी सहा मार्क. शेरा : "चित्रे नाहीत. सादरीकरण सुधारा." आणि झेरॉक्सवाल्याच्या सिंगापूरला नऊ.

पुढचं ऐका. आठवड्याभरात त्याच वर्गात एक फॉर्म वाटला गेला. सिंगापूरची 'शैक्षणिक' सहल, इच्छुकांनी नावं द्यावीत. आकडा लाखाच्या घरात. म्हणजे आधी पोरांच्या डोक्यात शहर भरायचं आणि मग तेच शहर विकायचं. याला शिक्षण म्हणायचं का जाहिरात? शाळेचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही.

आता बजेट शिकवायचंच आहे ना? मग शिकवा की खरं बजेट!

पहिलं, सुरुवात चांगी विमानतळावरून नको, सोलापूर स्टेशनवरून करा. आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून परदेशाचं विमान उडत नाही. त्यामुळं मुंबई-पुण्यापर्यंत जायचा-यायचा खर्च हा आपल्या बजेटचा पहिला रकाना. पॅकेजच्या कागदावर तो बहुतेक वेळा नसतोच.

दुसरं, पासपोर्ट. साधी फी मोठ्यांना १,५०० रुपये, लहानांना १,०००. आई-बाप आणि दोन पोरं धरली तर घराबाहेर पाऊल टाकायच्या आधीच ५,००० गेले. आणि लहान मुलाचा पासपोर्ट साधारण पाचच वर्षं चालतो, हेही पोरांना कळू द्या.

तिसरं, कर. टूर पॅकेजवर ५ टक्के जीएसटी. परदेशाच्या पॅकेजवर वरून टीसीएस. तो रिटर्न भरला की हिशोबात वळता होतो, पण तोवर आपल्याच खिशातून गेलेला असतो.

चौथं, आणि हे नीट वाचा : "शिक्षक मोफत". समजा ४० मुलं आणि सोबत २ शिक्षक फुकट. एका माणसाचा खर्च ८०,००० धरला तर दोघांचे १,६०,००० झाले. हे कोण भरतं? टूरवाला? भागिले ४०. प्रत्येक पोरामागं ४,००० रुपये. शिक्षकांनी स्वखर्चानं जावं असं मी म्हणत नाही. पोरांची जबाबदारी घेतात, त्यांचा खर्च निघायलाच पाहिजे. पण तो उघड लिहा. फुकट म्हणू नका. हे एवढं गणित नववीच्या पोराला आलं तर तो आयुष्यात कुठल्या ऑफरला फसणार नाही.

आणि स्वस्त शहरच शोधायचं असेल तर त्या पोरीचं काठमांडू घ्या. भारतीयांना व्हिसा नाही. मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. आधार मोठ्यांना चालत नाही, हे तिनं शोधून लिहिलं होतं! १५ वर्षांखालच्यांना वय आणि ओळख दाखवणारा फोटोचा कागद, १५ ते १८ वाल्यांना मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळखपत्र. आपले १०० रुपये म्हणजे तिथले १६०. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त १५ मिनिटं पुढं. एवढ्या माहितीला सहा मार्क?

आता काहीजण म्हणतील, "ज्यांना परवडतं ते जातील, तुमच्या पोटात का दुखतंय?" अहो, घरच्यांबरोबर जा की! दहादा जा. पण वर्ग म्हणजे टूरचा काउंटर नव्हे. त्याच वर्गात आरटीईच्या २५ टक्के जागांवर आलेली पोरं बसतात. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर. "कोण कोण येणार, हात वर करा" म्हटल्यावर ज्याचा हात खाली राहतो, त्याला काय वाटत असेल? 'इच्छुक' हा शब्दच खोटा आहे. इच्छा सगळ्यांनाच असते, पैसे नसतात. मग घरी हट्ट, बापाची उसनवारी, नाहीतर पोराचं गप्प बसणं.

"मुलांना जग दिसलं पाहिजे," हे दुसरं वाक्य. शंभर टक्के मान्य. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले. युद्धात जखमी सैनिकांवर उपचार करत १९४२ साली तिथंच वारले. शिजियाझुआंग शहरात त्यांची समाधी आहे. त्यांचं जन्मघर इथं स्मारक म्हणून जपलंय. सिंगापूरचा फॉर्म वाटणाऱ्यांनी आपला वर्ग तिथं कधी नेलाय का? जगाची ओळख तिथून सुरू केली तर रिक्षाभाड्यात होते. आणि बाहेरगावी न्यायचंच असेल तर शालेय सहलीला एसटी ५० टक्के सवलत देते, ती सगळ्यांना परवडते.

म्हणून शाळांकडं चारच मागण्या :

१. प्रकल्प वर्गातच करून घ्या, गटानं, हातानं लिहून. मार्क हिशोबाला द्या, कलर प्रिंटला नको.

२. टूर कंपनीचा कागद वर्गात वाटू नका. सांगायचं ते पालकसभेत सांगा.

३. सहल नेलीच तर रकानेवार हिशोब द्या, शिक्षकांच्या खर्चासकट.

४. वर्गात हात वर करायला लावू नका.

आणि पालकहो, आपणही सुधारू. रविवारी रात्री झेरॉक्सच्या दुकानात रांग लावून आपण पोराला एवढंच शिकवतो की काम दुसऱ्यानं करायचं आणि नाव आपलं लावायचं. पोराला सहा मार्क पडले तर पडू द्या.

त्या मुलीच्या वडलांनी ती चार पानं जपून ठेवलीत. म्हणाले, "जमलं तर दोन वर्षांनी जाऊ, हिशोब तयारच आहे."

तुमच्या पोराच्या शाळेत काय चाललंय ते कमेंटमध्ये लिहा, शाळेचं नाव न घेता. पटलं तर पुढच्या पालकसभेच्या आधी शेअर करा.