टोचनची दोरी आणि वसुलीचा कागद



रेल्वेत बंद पडलेले इंजिन कोणी दोरी बांधून ओढत नाही. डेड इंजिन गाडीला जोडायचे तर ते चालण्यास योग्य असल्याचा दाखला लागतो, रिव्हर्सर न्यूट्रलमध्ये आहे की नाही ते पाहावे लागते, ब्रेक पाइप जोडावा लागतो, वेग ठरवून दिला जातो, आणि हे सर्व कोणाच्या तरी सहीने होते. त्याच रेल्वेची जीप रस्त्यात बंद पडली की साहेब फोनवर एवढेच म्हणतात, "बांधा आणि घेऊन या." कशाने बांधायची, कशी आणायची, काही मोडले तर जबाबदार कोण, याबद्दल अक्षर नाही. वसुलीचा कागद मात्र न चुकता येतो, आणि तो ड्रायव्हरच्या नावाने येतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका घाट सेक्शनवर घडलेला प्रकार सांगतो. चिखलातून साइटवर सामान पोहोचवून खात्याची फोर व्हील ड्राइव्ह जीप परतत होती. डांबरी रस्त्याला लागल्यावर इंजिन बंद पडले. वरून हुकूम आला, टोचन करून आणा. गँगच्या ट्रकला नायलॉनची दोरी बांधली. ट्रकने झटका दिला, दोरी तुटली आणि टोकाचा लोखंडी हुक जवळ उभ्या असलेल्या ट्रकमनच्या नडगीवर बसला. हाड मोडले. त्याला दवाखान्यात पाठवून हायवेवरची एक खासगी क्रेन बोलावली. क्रेनवाल्याने पुढची दोन चाके पाळण्यात घेऊन पट्ट्यांनी आवळली आणि मागची चाके रस्त्यावर ठेवून गाडी ओढली. चिखलात टाकलेला फोर व्हीलचा लीव्हर तसाच होता. थोड्याच अंतरावर मोठा आवाज झाला आणि ट्रान्स्फर केस फुटली.

ट्रकमन पुढे मेडिकली डीकॅटेगराइज झाला. ड्रायव्हरला एसएफ-११ मिळाला आणि त्याच्या पगारातून दुरुस्तीचा खर्च वसूल करण्याचे ठरले. ज्यांनी फोन केला होता त्यांना कोणी काही विचारले नाही.

येथे माझीही चूक कबूल करतो. कागद घेऊन ड्रायव्हर आमच्या कार्यालयात आला तेव्हा मी त्याला म्हणालो, "चूक मान्य कर, दयेचा अर्ज कर, रक्कम कमी करून घेऊ." ट्रान्स्फर केस म्हणजे काय, हे मलाच ठाऊक नव्हते. मी मॅट्रिक झालेला, खलाशी म्हणून लागलेला माणूस. रुळावरचे काम जाणतो, मोटारीचे पोट कधी उघडून पाहिले नव्हते. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने चारही चाके उचललेल्या जीपखाली मला नेले. त्याने मागचा शाफ्ट हाताने फिरवला, तर पुढचाही फिरला. मग लीव्हर बदलायला लावला. आता मागचा फिरत होता आणि पुढचा उभा होता. म्हणाला, "साहेब, पुढची चाके बांधली आणि मागची पळवली, तर मधले काहीतरी मोडणारच." ड्रायव्हरचा बचाव मला त्या जीपखाली सापडला.

तोच धडा थोडक्यात येथे देतो. साध्या मोटारीत इंजिनाचे बळ दोन चाकांना जाते. फोर व्हील ड्राइव्हमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस असते. ती पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही शाफ्टना बळ देते. जिप्सीसारख्या गाडीत तिच्या लीव्हरला टू-एच, फोर-एच, एन आणि फोर-एल अशा जागा असतात. लीव्हर फोर व्हीलला असला की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. अशी गाडी दोन चाके उचलून आणि दोन रस्त्यावर ठेवून ओढणे म्हणजे मोडतोडीला आमंत्रण आहे.

लीव्हर टू-एचला आणला म्हणजे सगळे सुरक्षित झाले असेही नाही. मागची चाके रस्त्यावर फिरली की शाफ्ट आतला भाग फिरवतो. इंजिन बंद असल्याने आत तेल उडवणारे गिअर मात्र उभे राहू शकतात. कोरडे घर्षण होऊन लांबच्या अंतरात बेअरिंग जळते. म्हणून चारही चाकांवर ओढायचे असेल तर ट्रान्स्फर केस न्यूट्रलला हवी, आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या आणि वेगाच्या आत राहायला हवे. अंतर जास्त असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडवावा. ज्या गाडीची चारही चाके कायम जोडलेली असतात, किंवा जिच्या ट्रान्स्फर केसला न्यूट्रलच नसते, ती सपाट प्लॅटफॉर्मच्या गाडीवर चढवूनच न्यावी. 

आता एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. ट्रान्स्फर केस न्यूट्रलला गेली की गाडी गिअरमध्ये असली तरी चाकांना अटकाव राहत नाही. ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये असली तरी उतारावर सुटते. कित्येक जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकावर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर असतो. तेथे शाफ्ट सोडवला की हँडब्रेकही गेला. म्हणून लीव्हरला हात लावण्यापूर्वी चाकांना ठोकळे लावा. गाडी नीट न बांधता सोडली तर काय होते हे रेल्वे कामगाराला सांगायला नको. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी कठुआ स्थानकातून ड्रायव्हरविना सुटलेली मालगाडी पंजाबात थांबेपर्यंत ७० किलोमीटरच्या आसपास धावली होती.

ब्रेकचेही तसेच. जुन्या बंधूंना व्हॅक्यूम ब्रेकच्या गाड्या आठवत असतील. तेथे व्हॅक्यूम गेला की ब्रेक लागत असे. मोटारीत नेमके उलटे आहे. इंजिन बंद झाले की व्हॅक्यूमची मदत संपते, एक-दोन वेळा पाय दाबल्यावर पेडल दगडासारखे होते, आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होते. ओढल्या जाणाऱ्या गाडीत बसलेला माणूस हे सर्व सांभाळतो. त्याला खलाशी समजून कोणालाही बसवू नये. डाक खात्याच्या मेल मोटार सर्व्हिसमधील बंधूंनाही हे लागू आहे, कारण मेल व्हॅन दोन चाकांवर चालणारी असली तरी तिचा ब्रेक आणि तिची दोरी याच जातीची आहे.

दोरीबद्दल एवढेच, की ती बंपरला बांधू नये, चासिसच्या हुकाला बांधावी. झटका देऊ नये, हळू ताण घ्यावा. ताण असताना दोन्ही गाड्यांच्या मध्ये किंवा दोरीच्या रेषेत कोणी उभे राहू नये. मिळाला तर लोखंडी टो-बार वापरावा, म्हणजे उतारावर मागची गाडी पुढच्यावर आदळत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. १९८९ च्या रस्ता नियमांत असे होते, की दोन गाड्यांमधील अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नसावे, वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर जाऊ नये, दोरी इतरांना स्पष्ट दिसावी, मागच्या गाडीवर पांढऱ्या पाटीवर किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत 'ऑन टो' लिहावे, आणि पुढची चाके उचललेली नसतील तर तिच्या सीटवर लायसन्सधारक असावा. २०१७ मध्ये त्या नियमांच्या जागी नवे चालन विनियम आले. त्यांची प्रत किती डेपोंत लावलेली आहे, हे प्रत्येक शाखा सचिवाने जाऊन पाहावे.

प्रशासन म्हणेल, भर पावसात घाटात रस्ता अडवून प्लॅटफॉर्मच्या गाडीची वाट पाहत बसायचे काय? प्रश्न रास्त आहे. गाडी रस्त्याच्या कडेला घेण्यापुरती, सावकाश, न्यूट्रल करून जरूर ओढावी. पण कडेला घेणे वेगळे आणि डेपोपर्यंत फरफटत आणणे वेगळे. घाटात गाडी बंद पडणार हे दर पावसाळ्यात ठाऊक असते. मग प्लॅटफॉर्मच्या गाडीचा करार मे महिन्यातच का होत नाही? तो खर्च वाचवायचा आणि मोडतोडीचा खर्च ड्रायव्हरच्या माथी मारायचा, हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

आपल्या माणसांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. "असल्या शंभर गाड्या ओढल्या" ही फुशारकी सोडा. त्या ट्रकमनच्या शेजारी उभा असलेला माणूसही तेच म्हणत होता.

आमच्या मागण्या चार आहेत. टोचनचा हुकूम तोंडी नको, नावानिशी लेखी हवा. फोनवर दिला तर त्याची नोंद वेळेसह व्हावी. प्रत्येक फोर व्हील ड्राइव्ह गाडीत ती कशी ओढावी याचा मराठीत किंवा तेथील भाषेत लिहिलेला तक्ता, टो-बार आणि चार ठोकळे असावेत. प्लॅटफॉर्मच्या गाडीचा करार पावसाळ्यापूर्वी व्हावा. आणि ज्याला शिकवलेच नाही, त्याच्याकडून वसुली बंद व्हावी.

शेवटच्या मागणीला कायद्याचा आधार आहे. १९३६ च्या वेतन कायद्यात होते तसेच २०१९ च्या वेतन संहितेतही नुकसानीची कपात कामगाराच्या हयगयीमुळेच झालेल्या नुकसानीची असते, आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय ती करता येत नाही. म्हणून एसएफ-११ हातात पडो किंवा डाक खात्यात रूल १६ चा कागद पडो, घाबरून लगेच सही करून चूक मान्य करू नका. आधी विचारा: हुकूम कोणी दिला, केव्हा दिला, आणि मला हे काम कधी शिकवले?

त्या ड्रायव्हरच्या प्रकरणात हेच तीन प्रश्न आम्ही लेखी विचारले. एकाचेही उत्तर आले नाही. वसुली रद्द झाली, ताकीद तेवढी राहिली. ट्रकमनचा पाय मात्र कोणत्याही उत्तराने पूर्वीसारखा होणार नाही. तो आता कार्यालयात बसून हजेरी लिहितो आणि पावसाळा आला की खिडकीतून गँगकडे पाहत असतो. पुढच्या वेळी फोनवर "बांधा आणि घेऊन या" असे ऐकू आले, तर दोरीला हात लावण्यापूर्वी त्याची आठवण ठेवा आणि लेखी हुकूम मागा.

कामगार एकजुटीचा विजय असो!