अतिथीची वर्दी

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी व्युत्पत्ति आमच्या शास्त्रीबोवांनीं लहानपणीं सांगितली होती. आकाशांतून पडणाऱ्या पाषाणांना ती तंतोतंत लागू पडे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत उल्कांचीं लक्षणें वर्णिलीं. परंतु उल्का पडण्यापूर्वींच तिची वर्दी देणें त्याच्याही शक्तीबाहेरचें होतें.

हा नियम प्रथम मोडला तो ६ ऑक्टोबर २००८ रोजीं. अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत, लेमन पर्वतावरील दुर्बिणींतून रिचर्ड कोवाल्स्की यांना एक सरकता ठिपका आढळला. रीत सोपी आहे. आकाशाच्या एकाच भागाचीं छायाचित्रें थोड्याथोड्या वेळानें घ्यावयाचीं. तारे जागच्या जागीं राहतात, जवळचा पाषाण मात्र सरकलेला दिसतो. गणित करतां कळलें कीं, सुमारें ४ मीटर व्यासाचा हा पाषाण दुसऱ्याच दिवशीं सुदानच्या वाळवंटावर कोसळणार. सुमारें २० तासांनीं तसेंच घडलें. आणि पुढें खार्टूम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं वाळूंत हिंडून त्याचे तुकडे वेंचले.

एवढा लहान पाषाण पृथ्वीजवळ आल्याखेरीज पुरेसा उजळ दिसत नाहीं. म्हणून वर्दी मिळाली तर ती बहुधा कांहीं तासांचीच. सूर्याच्या दिशेनें येणारा तर भूमीवरील दुर्बिणींस दिसतच नाहीं. १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं रशियांतील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारें २० मीटरचा पाषाण असाच न सांगतां आला. प्रकाश पाहून लोक खिडक्यांशीं धांवले. दोनएक मिनिटांनीं हवेचा धक्का आला, कांचा फुटल्या, आणि सुमारें १५०० लोकांना उपचार घ्यावे लागले.

तेथील एका शिक्षिकेनें मात्र प्रकाश दिसतांच चवथीच्या ४४ मुलांना बांकांखालीं बसविलें. मुलें सुखरूप राहिलीं. तिला स्वतःला कांचेनें जखम झाली. मीं आयुष्यभर मास्तरकी केली. परंतु वीज लखलखली कीं, मुलांबरोबर मीही खिडकीशीं जाऊन उभा राहत असें. हें आठवून मन ओशाळलें.

कांहीं तासांच्या वर्दीनें पाषाण परतवितां येत नाहीं, हें खरें. पण खिडकीपासून दूर राहा, एवढें सांगावयास ती पुरेशी आहे. आणि वर्दी नसली तरी प्रकाश व धक्का यांमध्यें जो अवकाश असतो, तीच शेवटची वर्दी होय. तेव्हां वाचकहो, आज रात्रीं पंक्तींत मुलांना एवढें अवश्य सांगा: आभाळांत एकाएकीं लख्ख उजेड झाला, तर पाहावयास धांवूं नये, भिंतीच्या आड बसावें.