स्वस्त वाईनची पारख व आपलें जेवण

ऊस लावणारा शेतकरी गुळाची ढेप फोडून खडा तोंडांत टाकतो आणि पाक कसा उतरला तें सांगतो. भात पिकविणारा नव्या तांदळाचा भात शिजवून पाहतो. आपल्या मालाची अखेरची चव ज्याला ठाऊक नाहीं असा शेतकरी विरळाच. परंतु नाशिक जिल्ह्यांत तो आढळतो, आणि तो अडाणी नसून चांगला हुशार म्हणून गणलेला बागाईतदार असतो. वाईनसाठीं द्राक्षें लावावयाचीं, गोडीछाटणीपासून तोडणीपर्यंत त्यांस पोटच्या पोराप्रमाणें जपावयाचें, आणि त्यांची वाईन कशी झाली हें मात्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयाचें, हा प्रकार आम्हांस बरा वाटत नाहीं. हा प्रश्न चैनीचा नसून धंद्याचा आहे.

थॉम्सन किंवा सोनाका जातीचा माल एका बाजारांत पडला तर दुसऱ्या बाजारांत नेतां येतो. तेंहि न साधल्यास बेदाणा करतां येतो. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, शेनिन ब्लाँ यांची गोष्ट निराळी. मणी बारीक, बियाळ व जाड सालीचे. मंडईंत त्यांस कोण विचारतो? वायनरी हेंच त्यांचें एकमेव गिऱ्हाईक. गंगापूर धरणाजवळील सुला वायनरीची पहिली वाईन २००० सालीं बाजारांत आली. पुढें २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया-उद्योगाचें धोरण जाहीर करून उत्पादनशुल्कांत सूट दिली, आणि विंचूर येथें वाईनसाठीं खास औद्योगिक क्षेत्र उभें राहिलें. वायनऱ्या झपाट्यानें वाढल्या. परंतु २००८ च्या मंदींत मागणी बसली, टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि कित्येक बागाईतदारांनीं उभ्या बागा उपटून टाकल्या. त्या वर्षांचा धडा आम्ही असा घेतों कीं, केवळ मोठ्या शहरांतील हॉटेलांच्या भरंवशावर बाग लावणें धोक्याचें आहे.

म्हणून आमचें लक्ष उंची बाटलीकडे नसून साध्या बाटलीकडे आहे. सातशे रुपयांच्या आंतील बाटलीस आम्ही येथें परवडणारी म्हणतों. उंची वाईनला थोडें व निवडक फळ पुरतें. टनावारी फळ उठावयाचें तर साध्या बाटलीचाच खप हवा. ती बाटली वाईट निघाली तर गिऱ्हाईक पुन्हां तिच्याकडे फिरकत नाहीं, आणि त्याचा फटका शेवटीं बागेस बसतो.

पारख करणें अवघड नाहीं. एकाच जातीच्या व साधारण एकाच किंमतीच्या तीन बाटल्या आणाव्या, त्यांवर वर्तमानपत्र गुंडाळून क्रमांक घालावे, म्हणजे नांवाचा व चित्राचा मोह पडत नाहीं. साडेसातशे मिलिलिटरच्या बाटलींत दीडशे मिलिलिटरचे पांच पेले होतात; परंतु चाखण्यास दोन घोट पुरतात, म्हणून एका बाटलींत पंधरावीस जणांचें काम सहज होतें. प्रथम वास घ्यावा, मग घोट तोंडांत घोळवावा व थुंकून टाकावा. धंद्यांतले जाणकार असेंच करतात. चाखणें निराळें व पिणें निराळें.

जीभ कोरडी करणारा हिरवट तुरटपणा आढळल्यास बी पिकण्यापूर्वीं घड तोडले असा बहुधा अर्थ असतो. चव सपाट लागल्यास फळ वेलीवर फार राहिलें असावें. मार्चच्या उन्हांत साखर चढत असतां आम्लता झपाट्यानें उतरते, हें आपण नुसता ब्रिक्स मोजतांना विसरतों. पाणचट वाईन पाहून वेलीवरील घडांची गर्दी किंवा तोडणीच्या तोंडावर दिलेलें भरमसाट पाणी आठवावें. कुजक्या अंड्यासारखा वास आल्यास, भुरीसाठीं मारलेलें गंधक तोडणीपर्यंत मण्यांवर राहिलें होतें काय, याचा शोध घ्यावा. आंबवणाच्या वेळीं त्यापासून असा वास उपजूं शकतो. यांतले कांहीं दोष कारखान्यांतहि घडतात हें खरें. पण दोष कोणता हेंच ज्यास कळत नाहीं, तो तो कोणाचा आहे याचा वाद तरी कसा घालणार?

आतां जेवणाविषयीं. परदेशी पुस्तकांत वाईनच्या जोडीस चीज व भाजलेलें मांस सांगितलेलें असतें. आपल्या ताटांत तिखट, तेल, आंबट व गोड एकत्र नांदतात. त्यामुळें तो सल्ला येथें अपुरा पडतो. मुख्य नियम असा कीं, मद्यांश व तुरटपणा हे तिखटास चेतवितात, तर गोडी व थंडावा त्यास शमवितात. म्हणून नाशिकच्या मिसळीबरोबर किंवा खानदेशी शेवभाजीबरोबर तांबडी, तुरट वाईन घेतल्यास तोंड पोळतें आणि दोहोंची चव जाते. तेथें थंडगार व किंचित गोडसर शेनिन ब्लाँ शोभते. कांदाभजी किंवा साबुदाण्याचा वडा असेल तर सोव्हिन्यों ब्लाँचा आंबटपणा लिंबाच्या फोडीचें काम करून तेलकटपणा तोडतो. शिराझला भाजलेल्या वांग्याचें भरीत किंवा कांदा-खोबरें भाजून केलेलें, पण मिरची बेताची असलेलें मटण मानवतें. पुरणाच्या मांड्यांजवळ मात्र यांपैकीं कोणतीच वाईन ठेवूं नये. पदार्थाहून वाईन कमी गोड असली कीं ती आंबट व कडवट लागते. मांड्यांस दूध-तूपच बरें.

तांबडी वाईन खोलीच्या उष्णमानावर द्यावी, हा सल्ला थंड देशांतला आहे. नाशिकांत एप्रिल महिन्यांतली खोली म्हणजे भट्टीच. तांबडी वाईन सोळा ते अठरा अंशांवर व पांढरी आठ ते दहा अंशांवर असावी. एरवीं चांगलीहि बाटली वाईट ठरते व दोष नाहक फळावर येतो.

कोणी म्हणतील, शेतकी मासिकानें मद्याची भलामण करावी काय? आक्षेप हलका नाहीं. दारूनें बुडालेलीं घरें आपण पाहिलीं आहेत, आणि अनेक गांवांत स्त्रियांनीं मतदानानें बाटली आडवी केली ती उगीच नव्हे. जानेवारी २०२२ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या दुकानांतून वाईन विकण्यास मान्यता दिली, तेव्हां मोठा विरोध झाला व तो निर्णय अंमलांत आला नाहीं. मद्याचें कोणतेंहि प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें. म्हणून 'वाईन औषधी आहे' असा प्रचार आम्ही करणार नाहीं, व कोणी करीत असल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. जो पीत नाहीं त्यानें सुरुवात करूं नये. एकवीस वर्षांखालील मुलांस तर या कामापासून दूरच ठेवावें. ज्याचें व्रत असेल त्यानें नुसता वास घेतला तरी पुष्कळ कळतें. परंतु जें पीक आपण उघडपणें लावतों, ज्यासाठीं कर्ज काढतों, त्याच्या गुणदोषांविषयीं अज्ञानी राहण्यांत पुण्य नाहीं.

तेव्हां आमची सूचना अशी. वाईन द्राक्षाच्या बागाईतदारांनीं दरवर्षीं पावसाळ्यांत, कामाची गर्दी ओसरल्यावर, तालुक्याच्या ठिकाणीं जमून मागील हंगामाच्या साध्या बाटल्या झांकून चाखाव्या. सोबत घरचें जेवण असावें. प्रत्येकानें आपला अभिप्राय कागदावर लिहावा, आणि तो संस्थेच्या दप्तरीं राहावा. शक्य झाल्यास मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या जाणकारांस बोलवावें. मग पुढील कराराच्या वेळीं ब्रिक्स व भाव एवढ्यावरच न थांबतां, फळ केव्हां तोडावें व चवीचा निर्णय कोणाचा, हेंहि बोलतां येईल. वायनरीचा माणूस जिभेच्या जोरावर बोलतो. आपणहि त्याच जोरावर उत्तर द्यावें. आपल्या फळाची किंमत ठरविण्याची विद्या सर्वस्वी गिऱ्हाइकाच्या हातीं ठेवणें हें कोणत्याहि पिकांत तोट्याचें ठरतें. ज्या पिकास गिऱ्हाईकच एक, त्यांत तर विशेषच.