यान उडालं, पुढे काय?



मागच्या विज्ञान दिनाला आम्ही शाळेत प्रश्नमंजूषा घेतली. मी विचारलं, "भारताची पहिली अवकाश वेधशाळा कोणती आणि ती कधी सोडली?" सातवीतली एक मुलगी ताडकन उठली. "ॲस्ट्रोसॅट. २८ सप्टेंबर २०१५. श्रीहरिकोटाहून, पीएसएलव्ही सी-३० ने." टाळ्या पडल्या. खाली बसता बसता ती म्हणाली, "पण सर, त्याला दिसलं काय?"

मी म्हटलं, "पुढचा प्रश्न."

खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं. एवढी वर्षं मुलांकडून तारखा घोकून घेतल्या. त्या यानाने पुढे काय केलं, हे बघायची तसदी मी कधी घेतली नव्हती. त्या रात्रीपासून शोधून शोधून वाचायला लागलो. त्यातून जे मत झालं ते इथे मांडतो. पटलं नाही तर जरूर भांडा.

माझं म्हणणं असं की, आपण अवकाश मोहिमा फक्त उड्डाणापुरत्या शिकवतो. उड्डाण ही काही लहान गोष्ट नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं तेव्हा आम्हीही मुलांना एका टीव्हीसमोर बसवलं होतं, आणि डोळ्यांत पाणी आलेल्यांत मीसुद्धा होतो. पण ॲस्ट्रोसॅटसारख्या वेधशाळेचं उड्डाण म्हणजे नुसती शाळेची घंटा. अभ्यास त्यानंतर सुरू होतो, आणि आपण नेमके घंटा झाली की घरी जातो.

आधी एक साधा प्रश्न. दुर्बीण वर न्यायचीच कशाला? जमिनीवर चांगल्या दुर्बिणी आहेत की! कारण आपलं वातावरण. ते क्ष-किरण अडवतं, आणि अतिनील किरणांचा बराचसा भाग ओझोनचा थर गिळतो. आपल्या कातडीसाठी हे उत्तमच. पण आकाशातल्या ज्या वस्तू याच किरणांमधून बोलतात, त्यांचं बोलणं जमिनीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून ॲस्ट्रोसॅट ६५० किलोमीटर उंचीवरून फिरतं. क्ष-किरण, अतिनील आणि दृश्य प्रकाश, असं सगळं ते एकाच वेळी बघू शकतं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. एकच गोष्ट सांगतो, पण नीट सांगतो.

ॲस्ट्रोसॅटवर अतिनील प्रकाश टिपणारी एक जोडदुर्बीण आहे. तिचा आरसा ३८ सेंटीमीटरचा, म्हणजे घरातल्या मोठ्या परातीएवढा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ती आकाशाच्या एका चिमुकल्या तुकड्याकडे वळवली गेली. तो तुकडा हबल दुर्बिणीने आधीच अगदी खोलवर पाहिलेला. मिळून २८ तासांहून जास्त निरीक्षण झालं. सलग नव्हे हं! यान साधारण शंभर मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतं, त्यामुळे हे तास तुकड्यातुकड्यांनी जमवावे लागतात.

त्या निरीक्षणांत ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून आलेला तीव्र अतिनील प्रकाश सापडला. हा प्रकाश तिथून निघाला तेव्हा आपली पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. दीर्घिकेचं नाव ठेवलं एयूडीएफएस-०१. (नाव काही फार सुंदर नाही, मान्य.) हे काम झालं आपल्या पुण्यात, आयुका या संस्थेत, कनक साहा यांच्या नेतृत्वाखाली. सोबत जपान, फ्रान्स, स्वित्झर्लंड, अमेरिका अशा देशांतले शास्त्रज्ञ होते.

पण या प्रकाशाचं एवढं कौतुक कशासाठी? विश्वाच्या बालपणात एक काळ असा होता की सगळीकडे साध्या, विद्युतभार नसलेल्या हायड्रोजनचं धुकं पसरलेलं होतं. मग ते धुकं फाटलं. कुणीतरी त्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावले. संशय पहिल्या दीर्घिकांमधल्या तरुण ताऱ्यांवर आहे, कारण एवढी ताकद त्यांच्या तीव्र अतिनील प्रकाशात असते. अडचण ही, की दीर्घिकेतला वायू हा प्रकाश आतल्या आतच शोषून घेतो. मग तो बाहेर पडतो तरी कसा? त्यासाठी प्रत्यक्ष 'गळकी' दीर्घिका सापडायला हवी. ही तशी सापडली.

आणि मला सगळ्यात आवडलेला भाग पुढेच आहे. हबलचा आरसा २.४ मीटरचा, वर्गातल्या फळ्याएवढा लांब. तरी हा प्रकाश हबलला टिपता आला नव्हता. परातीएवढ्या आरशाला तो कसा सापडला? कारण आपल्या दुर्बिणीच्या संवेदकात पार्श्वभूमीचा गोंगाट फार कमी आहे. भर बाजारात हाक मारलेली ऐकू येत नाही, पण रात्री घर झोपलं की घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येते, तसं. मोठं यंत्र नसलं तरी शांत यंत्र बनवता येतं, आणि ज्यांनी ते बनवलं त्यांचं नाव एकाही प्रश्नमंजूषेत येत नाही.

निरीक्षण २०१६ चं. शोधनिबंध छापून आला ऑगस्ट २०२० मध्ये, 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी' मध्ये. त्यातली जवळपास दोन वर्षं नुसत्या विश्लेषणात गेली. हा प्रकाश खरंच त्याच दीर्घिकेचा आहे ना? शेजारच्या एखाद्या वस्तूचा तर नाही? संवेदकाची गडबड तर नाही? दोन वर्षं स्वतःच्याच शोधावर शंका घेत बसायचं! आणि आपण मुलांना तीस सेकंदांत उत्तर द्यायला लावतो.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. ४ जानेवारी २०१७ ला दोन कृष्णविवरांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेत नोंदल्या गेल्या. त्याच दिशेला हवाईतल्या दुर्बिणीला एक मंदावत जाणारा ठिपका दिसला. तो टकरीचाच प्रकाश असता तर केवढी बातमी झाली असती! पण वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲस्ट्रोसॅटच्या नोंदी तपासल्या. हे उपकरण मुंबईच्या टीआयएफआरच्या पुढाकाराने बनलेलं. त्यात जवळजवळ एक दिवस उशिराने झालेला एक गॅमा-किरण स्फोट नोंदलेला होता. ठिपका त्या स्फोटाचा होता. टकरीशी त्याचा संबंध नव्हता. म्हणजे आपल्या यानाने 'नाही' असं उत्तर शोधलं. 'नाही' ला वर्तमानपत्रात जागा मिळत नाही, पण विज्ञानात तेवढीच किंमत असते.

काही शिक्षक म्हणतील, हे सगळं सातवीला कसं झेपणार? झेपतं हो. केपलर दुर्बिणीने सुमारे दीड लाख ताऱ्यांचा प्रकाश वर्षानुवर्षं मोजला. त्या प्रकाशाचे आलेख 'प्लॅनेट हंटर्स' या उपक्रमातून सामान्य लोकांसमोर ठेवले गेले. त्यात हौशी लोकांनी एक तारा हेरला, ज्याचा प्रकाश मधूनच २२ टक्क्यांपर्यंत घटायचा. गुरूएवढा ग्रह समोरून गेला तर सूर्यासारख्या ताऱ्याचा प्रकाश जेमतेम एक टक्का कमी होतो! कारण बहुधा धूळ आहे. पण 'इथे काहीतरी विचित्र आहे' हे म्हणायला पदवी लागली नाही. आलेख वाचता येणं पुरलं, आणि आलेख तर आपण शाळेत शिकवतोच.

ॲस्ट्रोसॅटची माहितीसुद्धा ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होते. खरी अडचण वेगळी आहे. ती उघडायची कशी, वाचायची कशी, हे सगळं इंग्रजीत आहे, आणि आमच्या शाळेतल्या मुलांना तिथेच अडखळायला होतं. तो पूल बांधणं हे मराठी शाळेतल्या शिक्षकांचंच काम आहे असं मला वाटतं. मी एक आलेख निवडून, अक्षांची नावं मराठीत लिहून वर्गात लावला. पहिल्या दिवशी कुणी बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी दोघंजण त्याच्यापुढे भांडत होते, की ही घट खरी आहे की मोजण्यातली चूक.

यंदाच्या प्रश्नमंजूषेतून तारखेचा प्रश्न वगळला आहे. त्या जागी हा घातला आहे : परातीएवढ्या दुर्बिणीला जे दिसलं, ते फळ्याएवढ्या दुर्बिणीला का दिसलं नाही? वेळ एक आठवडा. घरी कुणालाही विचारलं तरी चालेल.