मार्काला मार्क : जर्मनीच्या एकीकरणाचा हिशेब

दोन जर्मनी एक झाल्या त्याला पस्तीस वर्षे उलटली, तरी हा सौदा फायद्यात पडला की तोट्यात, याचा वाद तिकडे मिटलेला नाही. आमचे बहुतेक वाचक दुकानदार आणि कारागीर. तेव्हा हा हिशेब आम्ही गल्ल्यावर बसूनच मांडतो.

बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ रोजी पडली. राज्य एक झाले ३ ऑक्टोबर १९९० रोजी. पण धंदेवाल्याच्या दृष्टीने खरी तारीख मधली, १ जुलै १९९०. त्या दिवशी पूर्वेचा मार्क बाद झाला व पश्चिमेचा चालू झाला. पगार, भाडे, पेन्शन सारे एकास एक दराने बदलले. प्रौढ माणसाची बचत चार हजारांपर्यंत एकास एक, त्यावरची दोनास एक. लोक खूश झाले, आणि का होऊ नयेत? हातात खणखणीत नाणे आले होते.

पण पूर्वेच्या कारखान्यांना निर्यातीत एक पश्चिमी मार्क कमवायला आपले सुमारे ४.४ मार्क खर्चावे लागत. आता मजुरी त्याच आकड्याने पश्चिमी मार्कांत द्यायची! माल एका रात्रीत परवडेनासा झाला. त्यात घरच्याच गिऱ्हाइकाने गावचा माल फळीवर ठेवून पश्चिमेचा चकचकीत डबा उचलला. रशियाकडची मागणीही आटली. त्स्विकाऊची ट्राबांट मोटार एप्रिल १९९१ मध्ये बंद पडली. सरकारी कारखाने विकण्यासाठी नेमलेल्या ट्रॉयहांड संस्थेकडे सुमारे साडेआठ हजार कारखाने व चाळीस लाख कामगार होते. १९९४ अखेर तिने दुकान आवरले तेव्हा खात्यावर दोनशे अब्ज मार्कांहून अधिक तूट होती.

सारे खापर दरावर फोडणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पश्चिमेच्या मध्यवर्ती बँकेने दोनास एक सुचवले होते, हे खरे. पण मजुरी निम्मी ठेवली असती तर पूर्वेची तरुण पोरे सामान बांधून पश्चिमेकडे निघालीच असती. तशीही निघालीच, पुढील वर्षांत दहा लाखांहून जास्त माणसे पूर्वेने गमावली.

आमच्या मते मोठी चूक मालकीच्या कायद्यात झाली. जप्त झालेली मिळकत शक्यतो मूळ मालकाला परत द्यायची, भरपाई नंतर, असे ठरले. ऐकायला न्यायाचे वाटते. पण वीस लाखांहून अधिक दावे पडले. ज्या जागेवर दावा आहे तिथे कोण भांडवल घालणार, बँक तरी कर्ज कशी देणार? ज्याने कधी वादातली जागा घेतली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. पुढे नियम सैल केले, पण कामाची सुरुवातीची वर्षे कोर्टकचेरीत गेली.

फायदा कोणाला झाला? पहिली काही वर्षे गवंडी, वायरमन, नळकाम व रंगकाम करणाऱ्यांना. पडक्या वस्त्या उभ्या राहिल्या, टेलिफोन आले, रस्ते सुधारले. त्स्विकाऊत फोक्सवॅगनने कारखाना चालवला. १९९० च्या दशकाच्या मध्यात बांधकामाची तेजी ओसरली तशी बेकारी वाढत गेली, आणि २००५ पर्यंत पूर्वेत दर पाचातला जवळपास एक माणूस बेकार होता.

पैसा आला कुठून? कर वाढणार नाही, असे चान्सलर कोल यांनी निवडणुकीत सांगितले होते. १९९१ मध्ये एकजूट अधिभार लागला, १९९५ पासून तो पुन्हा बसला, आणि २०२१ पर्यंत सामान्य करदाता तो भरत राहिला. शिवाय बेकारी व पेन्शनच्या वर्गणीतून पगारदाराच्या खिशाला वेगळीच कात्री लागली. ही वर्गणी बड्या भांडवलदाराला फारशी लागत नाही, हे आम्हाला खटकते.

कोरियाचा प्रश्न याहून अवघड. पूर्व जर्मनीत चार पश्चिमी माणसांमागे एक माणूस होता. कोरियात दोन दक्षिणेकडच्यांमागे एक उत्तरेचा, आणि उत्पन्नातली तफावत वीसपटीच्याही वर. केसोंगला दक्षिणेचे मालक व उत्तरेचे कामगार एकत्र काम करत, तेही २०१६ मध्ये बंद झाले. २०२४ च्या जानेवारीत उत्तरेच्या नेत्याने एकीकरणाचे ध्येयच सोडल्याचे जाहीर केले. उद्या सीमा उघडलीच, तर तिथे एकास एक दर शक्य नाही, आणि दर वेगळा ठेवला तर माणसे थांबणार नाहीत. यावरचा तोडगा अजून तरी आमच्या वाचनात आलेला नाही.