ब्रेक वाजतो, वाजू द्या!

गाडी जुनी घेतली, तरी सल्ले मात्र कोरे करकरीत मिळतात. माझ्या गाडीचा ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून 'कुंईं' असा आवाज यायचा. शेजारी म्हणाले, "जुनी गाडी, वाजायचीच!" मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, रेडिओ लावा." गॅरेजवाल्याने चाक काढलं, पॅडवर पॉलिशपेपर फिरवला आणि 200 रुपये घेतले. आवाज बंद झाला. आठ दिवस!

माझं भांडण या तिघांशी आहे. अहो, आवाज मुद्दाम ठेवलेला असतो! पुष्कळशा ब्रेक पॅडना पत्र्याची एक बारीक पट्टी असते. झिजून झिजून पॅडचा थर 2-3 मिलिमीटर उरला, की ती डिस्कला घासून बोंब मारते. पावसाळ्यात सकाळी डिस्कवरच्या गंजाची कुरकुर होते, ती चार ब्रेकांत थांबते, ती सोडा. पण रोजची 'कुंईं' म्हणजे पॅड बदला. आणि 'खर्र' म्हणजे लोखंडावर लोखंड, आता डिस्कही गेली!

बँकेत ऑडिटरने शेरा मारला, तर आम्ही शेरा खोडत नाही, खातं तपासतो. येत्या रविवारी आईला घेऊन कुंभार्ली घाट उतरायचा होता. तिथे रेडिओने गाडी थांबत नाही! दुसऱ्या गॅरेजात गेलो, समोर उभा राहून दोन्ही चाकांचे पॅड बदलून घेतले.

आता ब्रेक गप्प आहे. मेव्हणा अजून वाजतो; पण त्याचं काही झिजलेलं नाही, तो मुळातच तसा.